फोटोखाली काय लिहिणार?

श्रावण लागला की पेणच्या गणपती कारखान्यांत कॅमेरे येऊ लागतात. पुढे कोणता फोटो छापून येणार हे कुणीही आधीच सांगू शकेल. ओळीने मांडलेल्या मूर्ती, मधोमध मान खाली घालून बसलेला एक माणूस, हातात बारीक ब्रश, ब्रशाचं टोक बाप्पाच्या डोळ्याशी आणि मागचं सगळं धूसर. खाली फोटोओळ असते ती मूर्तींवर अखेरचा हात फिरवण्यात मग्न असलेल्या ‘कारागिरा’ची. फोटो वाईट नसतो, अनेकदा देखणाच असतो. पण त्याच्या खालची ओळ गेल्या वर्षीची उचलून लावली तरी चालते, पुढच्या वर्षीही चालेल, आणि पेणऐवजी हमरापूर किंवा जोहे लिहिलं तरी काही बिघडत नाही. या ढिसाळपणाचं खापर आपण उपसंपादकावर फोडतो. माझ्या मते दोष फोटो काढणाऱ्याचा आहे. फोटोखालची ओळ हा फोटोग्राफीच्या कसबाचाच भाग आहे, प्रकाश आणि चौकट यांच्याइतकाच. जो फोटोग्राफर ती ओळ लिहू शकत नाही, त्याने समोरचं अर्धंच पाहिलेलं असतं आणि त्याचा फोटोही तेवढाच अर्धा असतो. हे म्हणणं आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना पटणार नाही, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

पेणची मूर्तीच घ्या. मूर्ती शाडूची की प्लास्टर ऑफ पॅरिसची, हा आज महाराष्ट्रातल्या गणेशोत्सवातला सर्वांत वादाचा प्रश्न आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात प्लास्टरच्या मूर्तींना मनाई आली. मग निवेदनं, मोर्चे, याचिका झाल्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा दिली, मात्र नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन नको असं बजावलं. मोठ्या मूर्तींचा प्रश्न त्यानंतरही चालूच राहिला. पेण तालुक्यातल्या हजारो घरांची चूल या एका प्रश्नाशी बांधलेली आहे. आणि गंमत अशी, की रंग चढल्यावर कॅमेऱ्याला हा फरक दिसतच नाही. शाडूची माती साच्यात हाताने थापून, बोटांनी दाबून बसवतात. ती वजनाला जड, सुकायला दिवस घेणारी आणि सुकताना तडा जाण्याची धास्ती लावणारी. प्लास्टर पातळ कालवून काथ्याबरोबर साच्यात लावतात, ते बघता बघता घट्ट होतं. मूर्ती उलटी केली तर खालच्या पोकळीत सगळं उघड होतं. शाडूत करड्या मातीवर दाबलेल्या बोटांचे ठसे असतात, प्लास्टरमध्ये पांढऱ्या कवचातून काथ्याचे धागे डोकावतात. पण घासकाम झालं, पांढरा हात बसला, रंग आणि शेडिंग झालं, की समोरून दोन्ही बाप्पा सारखेच. म्हणजे डोळ्यांच्या आखणीचा तो लाडका फोटो कितीही तीक्ष्ण असला, तरी या तालुक्याच्या कळीच्या प्रश्नावर मुका असतो. त्याला बोलतं करायला एकच शब्द पुरे, शाडू किंवा प्लास्टर. तो मिळवायला फोटोग्राफरला फक्त विचारावं लागतं.

आता त्या धूसर पार्श्वभूमीकडे या. लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं की नजर एका ठिकाणी खिळते आणि बाकी सगळं विरघळतं. ही युक्ती आम्ही सगळे वापरतो, मोबाईल तर आता ती आपणहून वापरतो. पण कारखान्यात जे विरघळतं तेच बहुतेक काम असतं. पॉलिश पेपरने मूर्ती घासणाऱ्या बायका, स्प्रे गनचा कॉम्प्रेसर, छतापर्यंत रचलेले कच्चे गणपती, पावसाची झड आत येऊ नये म्हणून बांधलेलं प्लास्टिक, कोपऱ्यातले रबरी साचे हे सगळं एका रंगीत धुक्यात जातं. आखणी करणारा हात कसबी असतो यात शंकाच नाही, अनेक कारखान्यांत तो माणूस दुसरं काही करतही नाही. तरी मूर्तीला तिथवर आणणारे हात कितीतरी जास्त असतात आणि फोटोत ते नसतात. चौकटीतून काय वगळायचं हा फोटोग्राफरचा अधिकार आहे, तो मी नाकारत नाही. मात्र जे वगळलं ते निदान ओळीत यायला हवं.

काळाचंही तसंच. श्रावणातल्या फोटोओळीत ‘लगबग’ हा शब्द ठरलेला. वाचणाऱ्याला वाटतं, पेण वर्षभर झोपलेलं असतं आणि चतुर्थीच्या तोंडावर जागं होतं. प्रत्यक्षात अनंत चतुर्दशीनंतर थोडी उसंत घेऊन पुढच्या वर्षाचं काम सुरू होतं. साच्यातून मूर्ती काढण्याचं आणि वाळवण्याचं मोठं काम कोरड्या महिन्यांत उरकावं लागतं, कारण कोकणातला पावसाळा मातीला सुकू देत नाही. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जायच्या असतात, त्या उन्हाळ्यातच कंटेनरमध्ये चढतात. उत्सवाच्या आदल्या पंधरवड्यात दिसतं ते या लांबलचक वर्षाचं शेपूट. फोटोग्राफर तेव्हाच येतो, कारण बातमीला तेव्हाच जागा असते, आणि तो शेपटालाच प्राणी म्हणून दाखवतो. माघ-फाल्गुनात उन्हात मांडलेल्या बिनरंगी, बिनडोळ्यांच्या मूर्तींचा फोटो काढणं अवघड मुळीच नाही. अवघड आहे ते वर्तमानपत्राच्या पानावर त्याला जागा मिळणं, कारण तिथे वाचकाला फोटो समजावून सांगावा लागतो.

पेणहून दक्षिणेला रोह्याकडे वळलं की हेच जास्त ठळक होतं. कोलाडजवळच्या कुंडलिकेतल्या राफ्टिंगचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पांढरंशुभ्र उसळतं पाणी, हेल्मेट घातलेली आठ-दहा माणसं, दोन्ही काठांना हिरवं रान. फोटो सांगतो, ही रानटी, मोकळी नदी. पण पावसाळा सोडून इतर दिवसांत ते पाणी घड्याळाच्या काट्यावर येतं. सह्याद्रीपलीकडे मुळशीच्या धरणात अडवलेलं मुळेचं पाणी बोगद्यांतून आणि नळांतून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, टर्बाईन फिरवतं आणि मग कुंडलिकेत सोडलं जातं. सकाळी पाणी सुटलं की राफ्ट निघतात, पाणी ओसरलं की नदीत दगड वर येतात. एरवी हे पाणी मुळा-मुठेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. ते आज रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात जातं, कारण शंभर वर्षांपूर्वी मुंबईला वीज हवी होती. त्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये तिथे मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. उसळत्या लाटेच्या फोटोत यातलं काही येऊ शकत नाही, मग लेन्स कितीही महाग असो. त्याच नदीवर पुढे धाटावची औद्योगिक वसाहत आहे आणि पाण्याच्या प्रदूषणाच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. म्हणजे एकाच कुंडलिकेचे, थोड्याच अंतरावरचे दोन फोटो एकमेकांना खोटं पाडतील. वाचकाला या दोन फोटोंचा संबंध लावून देणारी ओळ नसेल, तर एक फोटो सहलीच्या जाहिरातीत जातो आणि दुसरा तक्रारीच्या अर्जाला जोडला जातो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की चांगल्या फोटोला शब्द लागत नाहीत, तो स्वतःच बोलतो. हे वाक्य छायाचित्रांच्या प्रदर्शनांच्या उद्घाटनात फार शोभतं. पण कॅमेरा वापरणाऱ्याला ठाऊक असतं की फोटोने काय बोलायचं हे बऱ्याच अंशी आपणच ठरवलेलं असतं. त्याच कुंडलिकेवर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं तर प्रत्येक थेंब काचेच्या मण्यासारखा हवेत गोठतो आणि नदी हिंस्र वाटते. तेच अर्धा सेकंद उघडं ठेवलं तर पाणी दुधाच्या सायीसारखं मऊ होतं आणि नदी ध्यानस्थ वाटते. माणसाच्या डोळ्याला यातलं कुठलंच रूप दिसत नाही. आजच्या मोबाईलमध्ये तर एकदा बटण दाबलं की तो अनेक चौकटी घेतो, त्यांतल्या उजळ-अंधाऱ्या भागांची बेरीज करतो आणि एक गुळगुळीत चित्र हातात देतो. म्हणजे ज्या एका क्षणाचा आम्ही एवढा बडेजाव मिरवतो, तो क्षणही आता एक उरलेला नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या दाण्याचं रोप होताना चित्रित केलं होतं. रोज थोडं थोडं, महिनाभराहून जास्त काळ. पडद्यावर रोप भराभर वर येतं. या भराभर वाढण्यामागे किती दिवस आहेत हे प्रेक्षकाला ठाऊक असेल तर त्याला निसर्गाचं नवल वाटतं, ठाऊक नसेल तर ती जादूगाराची हातचलाखी ठरते. फाळके मुळात छायाचित्रणाचा व्यवसाय केलेले होते, आणि पुढे भांडवल उभं करताना या चित्रणाचा त्यांना उपयोग झाला.

शब्दांवाचून सुटलेल्या फोटोचं काय होतं, याला इतिहासही साक्षी आहे. मुंबईत छायाचित्रण फार लवकर रुजलं, बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. त्याच काळातल्या विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या लोकांचे फोटो दोन खंडांत काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यातली माणसं एका ठिकाणी उभी करून टिपलेली आणि मागचं दृश्य दुसरीकडचं, दोन्ही जोडून एक चित्र केलेलं. खाली माणसाचं नाव नसतं, जात किंवा धंदा असतो. त्या माणसांचं काम त्या चित्रात ‘नमुना’ होण्यापुरतंच. साहेबाने तसं केलं म्हणून आपण आज त्याला नावं ठेवतो आणि ती ठेवायलाच हवीत. पण ‘पेणमधील कारागीर’ या ओळीत वेगळं काय आहे? पाठ तीच, ब्रश तोच, पार्श्वभूमी मात्र आता लेन्सने पुसलेली. अमेरिकेत १९३६ मध्ये डोरोथिया लँगने वाटाणे खुडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला, जो पुढे मंदीच्या काळाचं प्रतीकच बनला. त्या बाईंचं नाव तिने विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं ते १९७८ मध्ये, चार दशकं उलटल्यावर, आणि तेव्हा त्या बाईंच्या बोलण्यात अभिमानापेक्षा कडवटपणा जास्त होता. लँगच्या टिपणांतल्या काही तपशिलांशी त्यांच्या घरच्यांनी असहमती दाखवली. विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी एक आणि त्याच्या ओळीत चुका, हे पाहिल्यावर ‘फोटो स्वतः बोलतो’ म्हणायला जरा जपूनच धजावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो बातमीच्या धबडग्यात राबणाऱ्या मंडळींचा आहे. दिवसाला चार असाइनमेंट, मोटरसायकलवरून पेण-वडखळ-रोहा अशी धावपळ, ऑफिसात रात्री फोटो पोचवायचा, तिथे आधीच जागा ठरलेली. कुणाकुणाचं नाव विचारत बसायचं? ही अडचण मला खरी वाटते, आणि तालुका पातळीवरच्या फोटोग्राफरला एका फोटोमागे जे मिळतं ते पाहता त्याच्याकडून जास्त मागणं अन्यायाचंही वाटतं. तरीही हिशेब करून पाहावा. आखणीचा तो फोटो मनासारखा मिळावा म्हणून हाच फोटोग्राफर कारागिरापुढे बराच वेळ गुडघ्यावर बसतो, मान थोडी इकडे, दिवा थोडा तिकडे करवून घेतो, वीस-पंचवीस चौकटी टिपतो. त्या वेळातली दोन मिनिटं बोलण्यात गेली तर फोटो बिघडत नाही. उलट सुधारतो, कारण आज सकाळपासून कितवा डोळा चालला आहे, अवघड डोळा कोणत्या मूर्तीचा, हात थकतो तेव्हा काय करता, असे प्रश्न विचारले की फोटोग्राफरला कळतं पुढे कुठे पाहायचं. अनोळखी माणूस नुसता डोळा टिपतो. विचारणाऱ्याला कदाचित कळतं की आखणीच्या आधी तो माणूस ब्रशाचं टोक कशावर तरी निरखून पाहतो आणि खरा फोटो तिथे आहे. ओळीसाठी केलेली विचारपूस अशी चौकटीतही उतरते. वेळेचा मुद्दा मला शेवटी वेळेचा वाटत नाही, तो सवयीचा आहे. आणि सवय संपादकांनीच लावली आहे हेही तितकंच खरं, कारण ओळ नीट लिहून पाठवणाऱ्याला त्यांनी कधी एक पैसा जास्त दिला नाही.

रोह्यात दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा पोलीस तिला सशस्त्र मानवंदना देतात. ब्रिटिश काळापासूनची ही प्रथा. दरवर्षी तोच फोटो येतो, बंदुका, गणवेश, मागे पालखी. देवाला सरकारी सलामी, एवढं चित्र वेधक आहेच आणि छापूही नये असं मी म्हणत नाही. पण सलामी काही मिनिटांची असते. पालखी मात्र त्यानंतर दिवस-रात्र गावभर फिरते, दारोदारी थांबते, आणि रोहेकरांच्या लेखी उत्सव तो असतो. ज्याला हे माहीत नाही तो सलामी आटोपताच कॅमेरा बॅगेत घालतो.

कलावंत म्हणतील, आम्ही बातमी देत नाही, आम्ही प्रतिमा घडवतो, तिला शब्दांचं लोढणं नको. मान्य. भिंतीवर टांगलेल्या, निव्वळ छायाप्रकाशाच्या खेळासाठी काढलेल्या फोटोला ओळ नसली तरी माझी काही हरकत नाही. पेणच्या मिठागरांतले चौकोन वरून टिपले तर ते अमूर्त चित्रासारखे दिसतात, आणि दिसू द्यावेत. पण माणसाचा चेहरा आणि त्याचं काम चौकटीत आलं की मामला बदलतो, कारण मग त्या चित्रात दुसऱ्या कुणाचा तरी वाटा असतो. मराठी छायाचित्रणात याची चांगली उदाहरणंही आहेत. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर राहिले, त्यातून आलेलं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक फोटोंइतकंच त्या फडांच्या जगण्याच्या माहितीमुळे वजनदार झालं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेल्या माणसाचा एखादा धक्कादायक फोटो कुणीही काढील. ओलवे त्यांच्या घरापर्यंत गेले, म्हणून ते फोटो दया मागत नाहीत. या दोघांनाही कुणी कमी कलावंत म्हणेल असं वाटत नाही.

राहिला सर्वांत गंभीर आक्षेप, नावानेच माणूस अडचणीत येईल याचा. पेण-रोह्याच्या डोंगराळ पट्ट्यातली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात. तिथे मालकाची उचल घेतलेल्या माणसाचं नाव फोटोखाली छापलं तर त्याचा रोजगार जाऊ शकतो किंवा त्याहून वाईट काही होऊ शकतं. लहान मुलांच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. इथे नाव टाळायलाच हवं. पण ‘ओळख उघड होऊ नये म्हणून नाव दिलेलं नाही’ असं लिहिणं आणि नाव विचारलंच नव्हतं म्हणून ‘आदिवासी महिला’ असं लिहिणं, यांत फार अंतर आहे. पहिल्यात फोटोग्राफर त्या बाईशी बोललेला असतो आणि धोका काय आहे हे त्याने तिच्याकडूनच समजून घेतलेलं असतं. दुसऱ्यात तो दुरून लांब लेन्स लावून निघून गेलेला असू शकतो. बरं, बोलल्यावर ती ‘फोटो नको’ म्हणाली तर? तर फोटो नाही. एवढी किंमत या कसबाला मोजावी लागतेच.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मजेची आहे. आज पेणमध्ये मूर्तींचे सर्वांत जास्त फोटो बाहेरचे फोटोग्राफर काढत नाहीत, कारखानदारच काढतात, गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला. कला म्हणून त्या फोटोंत काही नसतं. मूर्ती समोर, ट्यूबलाईट डोक्यावर, मागे भिंत. पण खाली लिहिलेलं असतं, उंची किती, शाडू की प्लास्टर, कोणता रंग, बुक झाली की नाही. पाहणाऱ्याला फोटोतून काय कळत नाही, याची या माणसांना पक्की जाण असते, कारण तिथे चूक झाली तर मूर्ती परत येते. वर्तमानपत्रातल्या देखण्या फोटोला ही धास्ती नाही. त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंतही एक गोष्ट नसतेच, मूर्ती कुणी घासली आणि कुणी रंगवली ते. आणि जे लिहिलेलं असतं तेही टिकत नाही. मोबाईलने फोटोत आपोआप नोंदवलेली तारीख नि ठिकाण व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे जाताना गळून पडतं, मजकूर वेगळा राहतो, फोटो वेगळा फिरतो.

आणखी दहा-पंधरा वर्षांनी कुणीतरी अभ्यासक विचारील की प्लास्टरवरच्या वादाच्या या वर्षांत पेणने काय केलं, कोणत्या कारखान्यांनी शाडूकडे मोर्चा वळवला, कुणी नाही, बायकांच्या हातात कोणतं काम आलं, कोणतं गेलं. तोवर या वर्षांचे लाखो फोटो साठलेले असतील. आज जसे ते छापले जातात तसेच राहिले, तर त्यांतून त्याला एवढंच सांगता येईल की गणपतींचे डोळे फार सुंदर होते.